गोंग शेवटी येतो : गामेलानच्या नव्या रचनांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जावा आणि बालीमधल्या गामेलान या काशाच्या वाद्यसंचाची ओळख करून दिली होती. पट्ट्यांची सारोन, गेंडेर आणि स्लेंथेम, आडव्या ठेवलेल्या भांड्यांचं बोनांग, टांगलेले गोंग, केंदांग हा ढोल, गजानं वाजवायचं रेबाब आणि सुलिंग बासरी असा हा संच. २०२१ साली युनेस्कोनं त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यानंतर आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत : या वाद्यांसाठी आज नवं रचायचं तर काय सांभाळायचं? त्यांतले काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी बासरी वाजवतो. जावाच्या गामेलानच्या ध्वनिमुद्रणावर एक रचना बसवून पाहिली. स्लेंद्रो म्हणजे आपला भूप किंवा दुर्गा असं ऐकलं होतं, पण हार्मोनियम अजिबात जुळत नाही आणि बासरीही बेसूर वाटते. काय चुकतंय? (मिरज)

तुमचा कान बरोबर सांगतोय. हार्मोनियमच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर धरलं तर सप्तक १२०० सेंटचं होतं. स्लेंद्रो या सप्तकाचे पाच जवळजवळ सारखे भाग करतो, म्हणजे एक भाग साधारण २४० सेंटचा. त्यामुळे त्याचा दुसरा स्वर शुद्ध रिषभ आणि कोमल गंधार यांच्या मधे कुठेतरी पडतो. तिसरा शुद्ध मध्यमाच्या जरा खाली, चौथा पंचमाच्या किंचित वर आणि पाचवा शुद्ध धैवत व कोमल निषाद यांच्या मधे. म्हणूनच कान एकदा दुर्गाकडे, एकदा मध्यमाद सारंगाकडे, एकदा धानीकडे ओढला जातो. पेलोग ही दुसरी स्वरव्यवस्था सात स्वरांची असते आणि तिची अंतरं फार असमान असतात. बालीत पेलोगमधले पाच स्वर निवडून जो मेळ होतो तो ऐकून भूपाल तोडी आठवते, पण आठवण आणि मोजमाप यांत फरक आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की २४० हा आकडाही कोणत्याच संचात काटेकोर सापडत नाही. प्रत्येक गामेलान घडतानाच आपापल्या स्वरांचा घडतो. एका गावच्या संचातलं सारोन दुसऱ्या गावच्या संचात बसत नाही. ‘गामेलानसाठी रचना’ असं काही मोघम नसतं, रचना ‘या संचासाठी’ होते. म्हणून कागदावर पहिला स्वर लिहिण्याआधी संच मोजून घ्या.

मोजायचं असं. स्लेंथेमपासून सुरुवात करा, कारण त्याची मोगरी मऊ वेष्टनाची असते आणि मूळ स्वर ठसठशीत मिळतो. एकेक पट्टी हलक्या हातानं वाजवा, पहिला अर्धा सेकंद जाऊ द्या आणि मग स्वरमापकाचा आकडा घ्या. प्रत्येक पट्टी तीनदा मोजा. मोबाइलवरचा स्वरमापक अधूनमधून भलताच, खूप वरचा आकडा दाखवतो. तारेचे उपस्वर दुप्पट, तिप्पट असे नेमके येतात, पण धातूच्या सरळ पट्टीचा पुढचा उपस्वर मूळ स्वराच्या साधारण २.७६ पट असतो आणि मोबाइल फसतो. असा आकडा आला तर टाकून द्या. नंतर एका सप्तकाची सेंटमध्ये यादी करा आणि वरचं सप्तकही स्वतंत्र मोजा, कारण अनेक संचांत सप्तक १२०० पेक्षा जरा ताणलेलं असतं.

आता वाद्य निवडा. गळा, सारंगी आणि व्हायोलिन संचाला सहज जुळतात. सतारीचे पडदे सरकवता येतात, तीही चालेल. बासरीवर बोटं अर्धवट उघडून आणि फुंकरीच्या कोनानं ३० ते ४० सेंट सांभाळता येतात, पण द्रुत तानेत ते टिकणार नाही. तेव्हा ज्या स्वरांचा फरक जास्त आहे ते लांब ठेवा, तानेत आणू नका. हार्मोनियम मात्र बाजूलाच ठेवा. अमेरिकन रचनाकार लू हॅरिसन यांनी १९८२ साली जावाच्या गामेलानबरोबर दुहेरी कॉन्चेर्टो, म्हणजे दोन मुख्य वाद्यांची रचना, लिहिला तो व्हायोलिन आणि चेलोसाठी. दोन्ही बिनपडद्याची वाद्यं. पुढे १९८७ मध्ये पियानो घेतला तेव्हा त्यांनी पियानोच गामेलानच्या स्वरांत लावून घेतला. संचाला पाहुण्याच्या स्वरात आणायचा विचार मनातही आणू नका.

एक सोय मात्र आहे. जावात स्लेंद्रो आणि पेलोग असे दोन संच जोडीनं असतात आणि बहुधा एक स्वर दोघांत समान असतो. त्याला तुंबुक म्हणतात. कधी तो ६ असतो, कधी ५. एका स्वरव्यवस्थेतून दुसरीत जायचं असेल तर या स्वरावर थांबून जा. उंबरठा ओलांडल्यासारखं वाटतं, धक्का बसत नाही.

प्रश्न : तबल्याचा विद्यार्थी आहे. जावाचा लांचारान हा सोळा मात्रांचा घाट तीनतालासारखा मोजतो, पण सम कुठेच सापडत नाही. पहिल्या मात्रेवर काही वाजतच नाही असं वाटतं. (पुणे)

कारण तिथे वजन पहिल्या मात्रेवर नसतंच, ते शेवटच्या मात्रेवर असतं. चक्र गोंगवर संपतं आणि त्या टोल्याच्या ओसरत्या नादात पुढचं सुरू होतं. चार मात्रांचा गट, ज्याला गात्रा म्हणतात, त्यातही चौथी मात्रा सर्वांत जड. ही एक गोष्ट अंगात मुरली की गामेलानची निम्मी रचना कळते.

लांचारानचा सांगाडा असा : सगळ्या विषम मात्रांवर केथुक हे छोटं भांडं ‘टुक’ असं वाजतं. ४, ८, १२ आणि १६ वर केनोंग हे मोठं भांडं. ६, १० आणि १४ वर केंपुल हा मधल्या आकाराचा टांगलेला गोंग. १६ वर मोठा गोंग. २ ही मात्रा मुद्दाम मोकळी, कारण मोठ्या गोंगचा नाद अजून हवेत असतो आणि त्यावर केंपुल मारला तर दोन्ही गढूळ होतात. नव्या रचनांत पहिली चूक हमखास इथेच होते. रचनाकाराला ती मोकळी जागा बघवत नाही आणि तो ती भरतो.

तबला जोडायचा असेल तर तीनतालाची १ ही मात्रा गोंगच्या १६ वर ठेवा. तुम्ही ‘एक’ म्हणाल तेव्हा बाकीचे ‘सोळा’ म्हणतील, एवढं तालमीच्या आधी सगळ्यांना सांगा, नाहीतर पहिला अर्धा तास त्यातच जाईल. असं ठेवलं की तुमची खाली, म्हणजे नववी मात्रा, त्यांच्या आठव्या मात्रेवर पडते आणि तिथे केनोंग वाजतो. रिकाम्या जागी टोला! त्यावर उपाय शोधू नका. तिथे बायाँ बंद ठेवा, केनोंगचा नाद ती जागा सुंदर धरतो. लाद्रांग हा ३२ मात्रांचा घाट घेतला तरी केनोंग ८, १६, २४ आणि ३२ वर येतो, म्हणजे खालीशी गाठ तशीच राहते.

तिहाई मात्र इथे अगदी घरच्यासारखी बसते, कारण तीही शेवटाकडेच धाव घेते. फक्त जावात गोंग मात्रेच्या नेमक्या क्षणी न पडता कणभर मागून येतो. तबलजीनं शेवटचा धा वेळेवर द्यावा आणि गोंगची वाट बघू नये. गोंग तबल्याबरोबर ‘जुळवायला’ गेलात तर त्याचा भारदस्तपणा गेला म्हणून समजा.

लयीबद्दलही थोडं. जावात इरामा म्हणजे नुसती विलंबित किंवा द्रुत लय नव्हे. मूळ स्वरमाला, म्हणजे बालुंगान, जशी संथ होते तशी मधली जागा बारीक वाद्यं दुपटीनं भरतात. पेकिंग हे सर्वांत लहान सारोन इरामा तांगुंगमध्ये बालुंगानच्या एका स्वरामागे २ टोले देतं, दादोसमध्ये ४, विलेदमध्ये ८ आणि रांगकेपमध्ये १६. त्यामुळे एकच सोळा मात्रांची ओळ काही सेकंदांत संपू शकते किंवा मिनिटभर चालू शकते, आणि पेकिंगचा हात दोन्हीकडे साधारण सारख्याच वेगात असतो. नवी रचना लांबवायची असेल तर नवीन ओळी लिहिण्याआधी इरामा बदलून बघा. हे बदल केंदांगवाला घडवतो. कागदावर ‘इथून दादोस’ लिहून भागत नाही. त्याला वळायला एक अख्खा गात्रा द्या.

प्रश्न : बालीच्या वादनात पट्ट्या इतक्या वेगानं कशा वाजतात? एकच माणूस वाजवतो का? आम्हाला चौघांना मिळून तसं काही बसवायचंय. (फोंडा, गोवा)

एक माणूस नाही, दोन. या गुंफणीला कोतेकान म्हणतात. एक बाजू पोलोस, दुसरी सांगसिह. दोघांच्या रिकाम्या जागा एकमेकांत बसतात आणि ऐकणाऱ्याला एकच सलग ओळ ऐकू येते. तीन स्वरांची, सरावासाठी रचलेली एक सोपी ओळ देतो. आठ ठोक्यांची आहे, टिंब म्हणजे रिकामी जागा.

ऐकू येणारी ओळ : १ २ ३ १ २ ३ १ २
पोलोस : १ २ . १ २ . १ २
सांगसिह : . २ ३ . २ ३ . २

मधला २ दोघेही वाजवतात, १ फक्त पोलोस, ३ फक्त सांगसिह. ठोके ३ + ३ + २ असे पडतात, हे आपल्या कानाला नवं नाही. एका मात्रेत चार ठोके आणि मिनिटाला १५० मात्रा धरल्या तर सेकंदाला १० स्वर ऐकू येतात, पण प्रत्येक जण बहुतेकदा सलग दोनच वाजवून हात उचलतो.

बसवताना आधी वाद्य घेऊ नका. दोघांनी ओळी तोंडानं म्हणा आणि बाकी दोघांनी मात्रेवर टाळी द्या. मिनिटाला ६० मात्रांवर दहा आवर्तनं निर्वेध झाली की बाजू बदला. पोलोसवाल्याला सांगसिह येत नसेल तर ती गुंफण वेगात उसवणारच. त्यानंतर पट्ट्यांवर या आणि वेग ८ ते १० मात्रांनी वाढवत न्या.

खरी अडचण उजव्या हाताची नसते, डाव्या हाताची असते. पुढच्या पट्टीवर टोला पडतो त्याच क्षणी मागची पट्टी डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं चिमटीत धरून बंद करायची. लवकर धरलीत तर आवाज लाकडासारखा कोरडा येतो, उशिरा धरलीत तर सगळी ओळ राडा होते. उजवा हात बाजूला ठेवून पाच मिनिटं नुसत्या डाव्या हाताचा सराव केला तर फार फरक पडतो. बालीत गुरू वाद्याच्या पलीकडच्या बाजूला, समोरासमोर बसतो आणि उलट्या बाजूनं वाजवून दाखवतो. शिष्य त्याची मोगरी बघत शिकतो. कागद मधे येत नाही. आधी गुंफण कागदावर लिहून वाटलीत तर प्रत्येक जण आपली ओळ बघेल आणि समोरच्याची ऐकणार नाही.

प्रश्न : कीबोर्डवर बालीच्या गांग्सा या पट्ट्यांच्या वाद्याचा नमुना-आवाज घेऊन वाजवतो. मधल्या पट्टीत छान वाटतो, वर गेलं की किरकिरा आणि खाली आलं की मेल्यासारखा होतो. (ठाणे)

तुम्ही ऐकता तो आवाज दोन वाद्यांचा आहे. बालीत वाद्यं जोडीनं घडवतात : पेंगुंबांग जरा खालच्या स्वराचं, पेंगिसेप जरा वरचं. दोन्ही एकत्र वाजली की आवाज लाटेसारखा हलतो, त्याला ओंबाक म्हणतात. एक पट्टी ४४० हर्ट्झची आणि जोडीदार ४४७ ची असेल तर सेकंदाला ७ लाटा पडतात. चांगल्या संचात हा वेग सगळ्या सप्तकांत जवळपास सारखा राखतात. म्हणजे २२० च्या जोडीला २२७ आणि ८८० च्या जोडीला ८८७. सेंटमध्ये बघितलं तर फरक अनुक्रमे सुमारे ५४, २७ आणि १४ सेंट होतो. खाली मोठा, वर लहान.

कीबोर्ड याच्या उलट वागतो. तो एकच नमुना ताणून वरच्या सप्तकात नेतो तेव्हा ७ च्या १४ लाटा होतात, खाली आणतो तेव्हा साडेतीन. तुमची किरकिर आणि मरगळ तिथून येते. दोन्ही वाद्यांचे नमुने वेगवेगळे घ्या, दर तीन-चार स्वरांना नवा नमुना ठेवा आणि जोडीतला फरक प्रत्येक सप्तकात हर्ट्झमध्ये मोजून लावा. पोलोस डाव्या कानाला आणि सांगसिह उजव्या कानाला दिली तर गुंफणही उलगडते. कोरससारखा तयार परिणाम मात्र लावू नका, त्याची लाट सगळ्या स्वरांवर एकाच साच्याची असते.

प्रश्न : लिहून काढायला कोणती लिपी वापरावी? पाश्चात्त्य स्वरलेखन येत नाही. (नाशिक)

लागतही नाही. जावात १९०० च्या सुमारास सुरकर्तात केपातिहान ही अंकलिपी रूढ झाली आणि आजही तीच चालते. स्लेंद्रोला १, २, ३, ५, ६ आणि पेलोगला १ ते ७. वरच्या सप्तकाला अंकावर टिंब, खालच्याला अंकाखाली टिंब. भातखंडे पद्धत येणाऱ्याला हे एका बैठकीत जमतं. फरक एवढाच की मात्रेचे भाग दाखवणारी रेघ केपातिहानमध्ये अंकांच्या वर येते. गोंगच्या स्वराभोवती वर्तुळ, केथुकला अधिक चिन्ह. १ म्हणजे सा नव्हे, हे मात्र पहिल्या पानावर ठळक लिहा. तिथे कायमचा षड्ज नसतो.

काय लिहायचं आणि काय नाही, हे लिपीपेक्षा मोठं. जावात बालुंगानची एक ओळ दिली की गेंडेर, रेबाब, लाकडी पट्ट्यांचं गांबांग आणि बोनांग वाजवणारे आपापल्या वाद्याच्या चालीनं ती फुलवतात. याला गाराप म्हणतात. नवखा रचनाकार एकतर प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर लिहितो आणि कसलेल्या वादकाचे हात बांधतो, किंवा विचित्र उड्यांची बालुंगान लिहून गाराप तुम्हीच करा म्हणतो. अशा ओळीला वादकाच्या पोतडीतली कोणतीच चाल लागू पडत नाही. प्रत्येक भागावर ‘ठरलेलं’ किंवा ‘गाराप’ असा शब्द लिहा. तालमीचे कित्येक तास वाचतील.

प्रश्न : आमचं छोटं वर्कशॉप आहे. काशाचा संच परवडणार नाही. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर काही होईल का? (कोल्हापूर)

होईल, आणि चांगलं होईल. लू हॅरिसन आणि विल्यम कॉल्विग यांनी १९७१ मध्ये ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि नळ्या, डबे, कापलेल्या ऑक्सिजन टाक्या यांचा संच केला. तो त्यांनी जावाच्या स्वरांत न लावता शुद्ध गुणोत्तरांच्या डी मेजर या पाश्चात्त्य सप्तकात लावला, आणि त्यासाठी ‘ला कोरो सुत्रो’ ही समूहगायनाची मोठी रचना १९७२ मध्ये झाली. तुम्हीही स्वर आपले ठरवू शकता, पण ठरवून मग कापा.

पट्टीचा स्वर जाडीच्या सम प्रमाणात आणि लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. रुंदीचा त्यावर परिणाम होत नाही, रुंदीनं फक्त आवाज भरदार होतो. ६ मिमी जाड आणि २५ सेंमी लांब ॲल्युमिनियमची पट्टी साधारण ५०० हर्ट्झ देते. एक सप्तक खाली यायला लांबी १.४१४ पट करा, म्हणजे ३५.४ सेंमी. हे गणित जवळपास पोचवतं, पुढचं काम कानसेचं आहे. स्वर चढवायचा तर टोकांना घासा, उतरवायचा तर खालच्या बाजूनं मध्यभागी. चढवणं सोपं आणि उतरवलेलं परत आणणं कटकटीचं, म्हणून कापताना पट्टी २ मिमी लांबच ठेवा. घासून गरम झालेली पट्टी लगेच मोजू नका, गरम धातू उतरलेला स्वर दाखवतो.

पट्टी टेकवायची किंवा भोक पाडायचं ते दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर. २५ सेंमीच्या पट्टीत हे ५.६ सेंमी येतं. त्या रेषा जवळजवळ हलत नाहीत. दुसरीकडे भोक पाडलं तर आवाज दबतो आणि लोक धातूला दोष देतात. जागा शोधायला पट्टीवर बारीक मीठ भुरभुरून मधे हलके टोले द्या, मीठ त्या दोन रेषांवर गोळा होईल. भोकात रबरी वॉशर घालून पट्टी दोरीवर टांगा. खिळा घट्ट ठोकला की नाद संपला.

पट्टीखाली नळी दिली तर आवाज खुलतो. तळ बंद असलेल्या नळीची लांबी म्हणजे हवेतला ध्वनीचा वेग भागिले स्वराच्या चौपट. आपल्याकडच्या ३० अंश तापमानात वेग सेकंदाला ३४९ मीटर धरा. ५०० हर्ट्झसाठी १७.४ सेंमी येतात. ४ सेंमी व्यासाच्या पाइपसाठी त्यातून सव्वा सेंमी वजा करा, पट्टी तोंडाशी फार जवळ असेल तर आणखी थोडं. नेमकी लांबी हवी असेल तर लांब नळीत हळूहळू पाणी ओतत पट्टी वाजवा. आवाज एकदम फुलेल तिथे पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि टोपण तिथे बसवा.

गोंगचं काय? गॅसची किंवा ऑक्सिजनची टाकी स्वतः कापायच्या भानगडीत कधीही पडू नका, रिकामी दिसणारी टाकीही जीव घेते. जावातल्याच साध्या संचांत गोंग केमोदोंग नावाची युक्ती आहे : मडकी किंवा पेटी आणि तिच्यावर किंचित वेगळ्या स्वरांच्या दोन मोठ्या पट्ट्या. ६ मिमी जाडीत ६२.५ सेंमीची पट्टी साधारण ८० हर्ट्झ देईल आणि तिच्याहून ८ मिमी आखूड पट्टी ८२. दोन्ही एकदम वाजवल्या की सेकंदाला दोन सावकाश लाटा पडतात, खऱ्या गोंगच्या हेलकाव्यासारख्या. खाली मातीचा रांजण ठेवा आणि पाणी घालून त्याचा घुमार ८० च्या आसपास आणा. मोगरी मऊ आणि जड हवी : लाकडी गोळ्यावर रबर आणि वर जाड कापडाचे वेढे. हलक्या काठीनं मूळ स्वर उठतच नाही, फक्त वरची खणखण ऐकू येते.

कासे मात्र वेगळं प्रकरण आहे. जावाच्या धातूत दहा भाग तांब्याला तीन भाग कथील धरतात. आपल्या काशाच्या टाळ-झांजांचा धातूही याच घराण्यातला. तो लालबुंद तापवून ठोकायचा आणि पाण्यात विझवायचा. गार असताना ठोकला तर काचेसारखा तडकतो. हा धातू घरी करून बघण्यातला नाही.

प्रश्न : नव्या रचनांत गोंग फरफटवतात, पट्ट्यांवर गज ओढतात, भांडी उलटी करतात. पण गामेलानवरून ओलांडूनही जायचं नसतं ना? हा अनादर नाही का? (सातारा)

ओलांडायचं नसतं, हे खरं. वाद्यांजवळ पादत्राणं काढून जातात आणि जावात मोठ्या गोंगसमोर गुरुवारी संध्याकाळी फुलं-धूप ठेवतात. पण हे प्रयोग बाहेरून कोणी लादले असं समजू नका. सुरकर्ताच्या कला-अकादमीत गेंदोन हुमार्दानी यांनी १९७० च्या दशकात परंपरेत मुरलेल्या वादकांनाच नवं शोधायला लावलं. १९७९ पासून जकार्तात तरुण रचनाकारांचा आठवडा भरू लागला आणि त्यांना व्यासपीठ मिळालं. राहायू सुपांगाह, बालीहून येऊन सुरकर्तात शिकवलेले इ वायान साद्रा, अल सुवार्दी ही सगळी त्याच अंगणातली माणसं. आमच्या मते आदर सांभाळायचा तो धातूच्या आणि त्या संचाच्या माणसांच्या बाबतीत.

गज ओढणं निर्धोक आहे. चेलोचा गज पट्टीच्या टोकावर काटकोनात, भरपूर राळ लावून, सावकाश ओढा. लांब, काचेरी स्वर मिळतो. भांडी उलटी करून वाजवता येतात. लोखंडी दांडीनं काशावर मारू नका, ओरखडा कायमचा राहतो. गोंगच्या काठावर जोरात मारू नका आणि भांडं फरशीवर पडू देऊ नका. काशाला चीर गेली की वितळवून नव्यानंच घडवावं लागतं, आणि मग तो स्वर पुन्हा तोच येईल याची खात्री नाही. काहीही करण्याआधी संच सांभाळणाऱ्याला करून दाखवा, तोंडी वर्णन करून परवानगी मागू नका.

प्रश्न : ऐकायची सुरुवात कुठून करावी? (डोंबिवली)

एका जुन्या मुद्रणापासून. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी गेली, तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे हे आपल्याला माहीत असतं. त्याच तबकडीवर ‘पुष्पवर्ण’ हा केतावांग घाटाचा तुकडाही आहे, योग्यकर्ताच्या पाकुआलामान दरबारच्या गामेलानवर वाजलेला. त्याचं नेतृत्व वासितोदिपुरो यांनी केलं होतं. जुन्यात इतका मुरलेला हा माणूस स्वतः नव्या रचना करायचा आणि पुढे कॅलिफोर्नियात लू हॅरिसन त्यांच्याकडे शिकले. आधी ‘पुष्पवर्ण’ चार-पाचदा ऐका, प्रत्येक वेळी फक्त गोंगची वाट बघत. नंतर हॅरिसनचा दुहेरी कॉन्चेर्टो. मग बालीचे देवा आलित ऐका. उबुदजवळच्या पेंगोसेकानचे हे रचनाकार. २००७ मध्ये त्यांनी सालुकात हा गट काढला आणि स्लेंद्रो-पेलोग दोन्हींचे स्वर एकत्र गुंफणारा संच स्वतःच्या आराखड्यानं घडवून घेतला. रचनेसाठी संच घडवणं म्हणजे काय ते तिथे ऐकू येतं. मंचीय संगीत आवडत असेल तर सुपांगाह यांचं २००४ च्या ‘इ ला गालिगो’चं संगीत. दक्षिण सुलावेसीच्या बुगी महाकाव्यावरचा तो प्रयोग आहे.

प्रश्न : लंडनला राहते, कथ्थकसाठी गामेलानवर दहा मिनिटांची रचना करायची आहे. इथल्या संचासाठी कसं जावं? (लंडन)

साउथबँक सेंटरला जावाचा ‘क्याई लेब्दाजिवा’ हा संच १९८७ मध्ये आला. आधी तिथे किंवा जवळच्या एखाद्या गटात नवशिक्यांच्या वर्गाला बसा. सारोन आणि केनोंग ही दोन वाद्यं तरी स्वतः वाजवा, त्याशिवाय मोकळ्या मात्रेचं मोल हाताला कळत नाही. रचना मागायला जाताना पूर्ण संहिता नेऊ नका. १६ मात्रांची एक बालुंगान, स्लेंद्रो की पेलोग, कोणत्या इरामात किती आवर्तनं आणि तत्कार कुठे एकटा सोडायचा, एवढं एका पानावर न्या.

दहा मिनिटांसाठी सहा तालमी धरा. पहिल्या दोन पायांशिवाय, फक्त वाद्यांच्या. घुंगरांचा आवाज पेकिंगच्याच पट्टीत येतो आणि तिला झाकतो, म्हणून द्रुत भागात पेकिंग काढून टाका किंवा घुंगरांची संख्या निम्मी करा. नर्तिकेनं केंदांगवाल्याच्या समोर उभं राहायला हवं, गोंगसमोर नव्हे. समेवर येताना तिची नजर त्याच्या हातावर असेल आणि गोंग कणभर उशिरा येईल, तेव्हा शेवटची पोझ गोंगचा नाद उठेपर्यंत धरायची. सुरुवातीला हा क्षण फार लांब वाटतो. मोजून घ्या आणि तालमीच्या कागदावर सेकंदांत लिहून ठेवा.